ड्रमवरचं रिकामं घर

१

नागेशला ज्याने मारलं तो लोखंडाचा तुकडा ठाण्यातल्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता, आणि फौजदार त्याच्या शेजारीच बशी ठेवून पोहे खात होते. उद्धवरावांना ते बघून कसंसंच झालं. पण ते पडले विमा कंपनीचे सर्व्हेअर. परभणीहून स्कूटर हाणत आलेले, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि फौजदारांनी पोहे कुठं खावेत हे सांगायचा त्यांना काही एक अधिकार नव्हता. त्यांनी मुकाट्याने कागद उलगडला.

"ओळखता का?" फौजदारांनी विचारलं.

"होल्डर," उद्धवराव म्हणाले.

जुन्या रस्त्याचा डांबरी थर खरवडून काढणारं एक अवाढव्य यंत्र असतं. त्याच्या पोटात आडवा ड्रम गरगर फिरतो आणि त्या ड्रमवर रांगेनं दात असतात. दात झिजतात, बदलतात, ते रोजचंच. पण दात काही थेट ड्रमला चिकटलेला नसतो. तो ज्या पोलादी ठोकळ्यात बसतो तो होल्डर. आणि होल्डर जिथं बसतो त्याला सगळे 'घर' म्हणतात. ते ड्रमला कायमचं जोडलेलं. होल्डर झिजला की मागचा बोल्ट सैल करायचा, जुना काढायचा, नवा घरात ठोकून बसवायचा आणि बोल्ट आवळायचा. घडीभराचं काम. सोय म्हणून केलेली गोष्ट, आणि तीच एका पोराच्या छातीत बसली.

ताडकळसच्या पुढं एका पुलाजवळ काम चालू होतं. पुलाची लोखंडी कड आली म्हणून यंत्राच्या बाजूची, ड्रम झाकणारी झडप वर उचललेली. नागेश नेहमीप्रमाणे किती खोल खरवडलंय ते पट्टीनं मोजत शेजारून चालत होता. एक होल्डर घरातून सुटला आणि झडपेखालून गोळीसारखा बाहेर आला. परभणीच्या दवाखान्यापर्यंत पोरगं पोचलंच नाही.

"मला तर काही अवघड वाटत नाही," फौजदार बशी बाजूला सारत म्हणाले. "सिद्धोधन म्हणून फिटर आहे. होल्डर बसवायचं काम त्याचं एकट्याचं. दसऱ्यानंतर नागेशशी कडाक्याचं भांडण झालं, सगळ्या कॅम्पानं ऐकलंय. आणि लोक पोराला उचलत होते तेव्हा हा पठ्ठ्या ड्रमखाली शिरून फडक्यानं पुसत बसला होता. काय पुसलं ते सांगत नाही. पोराच्या आईनं तक्रार दिलीय. तुमचा अहवाल आला की सोमवारी आत घेतो."

"हं."

"अजून एक. खांडेनवमीला यंत्राची पूजा झाली, तेव्हा हा गैरहजर. लोक त्यावरून काय बोलायलेत..."

"ते नका सांगू," उद्धवराव जरा तुटकपणे म्हणाले. असल्या बोलण्याला पाय फुटतात आणि ते एका माणसापाशी थांबत नाही. सगळ्या वस्तीच्या दारात जाऊन बसतं. एवढं तर त्यांना पस्तिशीतच कळलेलं होतं, आणि आता निवृत्ती जवळ आली होती.

त्यांनी होल्डर उलटा केला. घरात जो भाग बसतो त्याच्या खाचेत तांबडी रेघ होती. त्यांनी ती बोटानं खरवडली. गंज असा बोटाला माखत नाही. आणि रक्त म्हणावं, तर रक्त वाळल्यावर इतकं लाल राहत नाही.

२

गीताबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. नागेशची आई. सुतकाचं घर, दारात बायका बसलेल्या, चूल थंड. उद्धवरावांना असल्या घरात प्रश्न विचारायची मनापासून लाज वाटायची, आणि आयुष्यभर तेच करत आले होते बिचारे.

कोपऱ्यात एक पहार आणि दोन छिन्न्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. पहारीवर कुंकवाचे पाच पट्टे.

"नागेशच्या बापाची हाय," त्यांची नजर बघून गीताबाई म्हणाल्या. "दगड फोडायचे ते. तिच्यावर घर चाललं आमचं. ते गेले, पण मी दर खांडेनवमीला तिची पूजा चुकवली न्हाई. ज्याच्यावर आपण खातो ते वर्षातून एकदा आपल्या देवापुढं यायला पायजे. आमच्या घराची रीतच हाय ती."

दुसऱ्या कोपऱ्यात उखळ. मुसळाला पिवळं-तांबडं लागलेलं, शेजारी चुन्याचा डबा आणि वसमतच्या हळदीचं पोतं. नवरा गेल्यावर गीताबाई हळदीला चुना लावून कुंकू कांडायच्या आणि ताडकळसच्या बाजारात विकायच्या. आपल्या कपाळाला न लागणारं कुंकू साऱ्या गावाला पुरवायचं. उद्धवरावांनी नजर वळवली ती देवाऱ्याकडे.

सुतकामुळं देवांना पाणी नव्हतं. झेंडूची फुलं सुकून गेलेली. दोन चांदीचे टाक, एक बाळकृष्ण, आणि त्यांच्या मध्ये कुंकवानं माखलेला एक भोकाचा पैसा. उद्धवरावांच्या आजीच्या देवाऱ्यातही असाच एक असायचा.

"त्या सिद्धोधनाला फाशी द्या साहेब," गीताबाई एकदम म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणूनच भीती वाटली. "माझ्या हातचं खाल्लेलं हाय त्यानं. दर बाजाराच्या दिवशी दोघं इथंच बसून जेवायचे. मला काकू म्हणायचा. भाकरी वाढताना मी कदी दोघांत फरक केला न्हाई."

"मग भांडण कशावरून झालं?"

"पान्यावरून म्हणं. नागेशनं त्याचा पाना न इचारता घेतला." त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला. "पान्यावरून कुणी जीव घेतं का हो साहेब?"

उद्धवराव उठले. दाराशी येऊन ते थबकले, कारण त्यांच्या मनात निराळाच सवाल उभा राहिला होता. नागेश यंत्राशेजारून चालणारा माणूस. त्याच्या कामाला लागते ती पट्टी. त्याला पाना कशाला लागला?

३

कॅम्पवर ठेकेदार व्यंकटराव वाटच बघत होते. पाथरीचे गृहस्थ, पांढरा शर्ट आणि त्याहून पांढरा चेहरा.

"साहेब, माल अस्सल हाय," त्यांनी नमस्काराच्या आधी हेच सांगितलं. "लोक म्हणतेत व्यंकटरावानं हैदराबादहून नकली होल्डर आणले. आईशप्पथ खोटं हाय! शिक्का बघा तुमी."

शिक्का उद्धवरावांनी ठाण्यातच बघितला होता. होल्डर अस्सल होता, फारसा झिजलेलाही नव्हता, कुठं चीर नव्हती. बोल्टही रस्त्यावर अख्खा सापडला होता. म्हणजे काही तुटलं नव्हतं. सुटलं होतं. माल सुटला या संशयातून, पण फिटर जास्तच अडकला, कारण आवळायचं काम त्याचं.

यंत्र चालवणारे किशनराव तिथंच दगडावर बसलेले होते. मोठ्या मिशांचा माणूस, पण त्या दिवशी मिशाही पडल्यासारख्या दिसत होत्या.

"सकाळधरनं आवाज बदलला व्हता साहेब," ते आपणहून बोलले. "एक दात येगळा बोलायलता. मला कळत व्हतं. म्हणलं, पुलापस्तोर जाऊ, जेवायच्या सुट्टीत सिद्धोधनला दावू. पुलापस्तोर!" त्यांनी हाताचा पंजा कपाळावर मारून घेतला. "मी तवाच बंद केली असती तर काय आभाळ कोसळलं असतं का?"

उद्धवरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते स्वतःच ड्रमखाली वाकले. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडं दुर्लक्ष केलं.

रांगेत एकच घर रिकामं होतं. आजूबाजूची सगळी घरं काळ्या चिखलानं बरबटलेली, आणि हे एकटं लख्ख. डिझेलचा वास अजून येत होता. सिद्धोधननं मनापासून पुसलं होतं. पण फडकं जिथं पोचत नाही तिथं माणसाचं पाप आणि पुण्य दोन्ही शिल्लक राहतं. बोल्टच्या भोकात, आट्यांच्या तळाशी, पुन्हा तीच तांबडी रेघ.

"बोल्ट सुटू नये म्हणून तुम्ही काही लाल डिंक वगैरे लावता का?"

"छ्या! तसलं काई न्हाई."

"आणि पूजा? ड्रमलाही कुंकू लावलं होतं?"

"कोण शिरतंय खाली साहेब? तोंडाशीच लावलं. ते बगा, दिसायलंय अजून."

यंत्राच्या तोंडावर मोठं गुलाबी-लाल स्वस्तिक होतं. उद्धवराव त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर लावलेलं कुंकू घट्ट बसलेल्या होल्डरच्या खाली, बोल्टच्या भोकात जाणार कसं? ते तिथं जायचं तर आधी होल्डर बाहेर निघायला हवा.

"कुणी पाहिलंय का," त्यांनी हळूच विचारलं, "खांडेनवमीला हा होल्डर कुणी काढला ते?"

किशनरावांच्या मिशा हलल्या, पण तोंडातून शब्द निघायच्या आत व्यंकटराव मध्येच बोलले. "पाना सिद्धोधनचा, साहेब. दुसरं कोण काढणार?"

४

सिद्धोधनच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचे फोटो, खाली पुस्तकांची फळी, आणि खाटेच्या कडेवर तो मान खाली घालून बसलेला. तिशीचा असेल नसेल. दाढी वाढलेली. त्याच्या बायकोनं, रोहिणीनं, उद्धवरावांना पाणी दिलं आणि ती तिथंच दाराला टेकून उभी राहिली. हलणार नाही असं तिच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

"पूजेला कामून न्हाई आला म्हणून बोलतेत लोक," तिनंच सुरुवात केली. "आमी नागपूरला व्हतो सर, दीक्षाभूमीला. दरसाल जातो. नवमीच्या आदल्या दिवशी निघालो, दसरा करून आलो. व्यंकटरावानं स्वतः रजा दिली व्हती, त्येला इचारा."

म्हणजे व्यंकटरावांना हे ठाऊक होतं आणि तरी पाना सिद्धोधनचा म्हणाले. उद्धवरावांना त्यांचा राग आला, पण तो गिळून ते सिद्धोधनकडे वळले.

"नागपूरहून आल्यावर भांडण झालं ना?"

"व्हय."

"पान्यावरून."

"व्हय. पेटीवर ठेवलेला पाना जाग्यावर नव्हता. इचारलं तर म्हणला, मोटारसायकलीला लागत व्हता. मी लय बोललो त्येला. आईवरून न्हाई बोललो, पण लय बोललो."

"त्यानंतर?"

"त्येनंतर आमी बोललोच न्हाई." त्यानं एकदा वर बघितलं. डोळे लाल होते. "दिवाळीला काकूनं फराळाला बोलावलं व्हतं. मी रागात गेलो न्हाई."

"पोरगा रस्त्यावर पडलेला असताना तू ड्रमखाली काय पुसत होतास?"

"गिरीस."

"सिद्धोधन, मी लेकरू नाही."

सिद्धोधन आपल्याच तळहातांकडे बघत होता. मग म्हणाला, "माझी चूक हाय सर. बोल्ट मी आवळला नव्हता. तसंच लिहून टाका."

"कशाची चूक?" रोहिणी कडाडली. "सगळी वस्ती नाव घ्यायली तुमचं! लेकराला शाळेत चिडवायलेत! काय झालं ते सांगा की साहेबाला!"

तिनं त्याचा दंड धरून गदागदा हलवला, आणि त्यानं तिला तसं करू दिलं, नजर मात्र खालीच ठेवली. उद्धवरावांनी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलणारी माणसं बघितली होती. आपला दोष दुसऱ्यावर ढकलणारी तर पैशाला पासरी. पण आपल्या अंगावर ओढून घेऊन खोटं बोलणारा माणूस बघितला की त्यांना घाम फुटायचा. तसला माणूस कुणाला तरी वाचवत असतो.

५

ते तडक कॅम्पवर परतले आणि त्यांनी काय करावं? यंत्राच्या आरशाला बांधलेली लिंबू-मिरची खुडून घेतली!

"अहो साहेब, अहो!" व्यंकटराव धावले. "शनिवारीच बांधलंय, नजर लागती!"

"लागायची ती लागून गेली की आता," उद्धवराव म्हणाले, आणि लगेच त्यांना वाईटही वाटलं. जीभ ही अशी.

लिंबू ताजं होतं. मागं एकदा सुमंगलाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, देवघरातल्या तबकावर लिंबू पिळलं होतं आणि कुंकू डोळ्यांदेखत पिवळं पडलं होतं. घरचं असलं की असं होतं, म्हणाल्या होत्या त्या. हळद आणि चुना, दुसरं काय असतं त्यात, आंबट लागलं की हळद आपल्या रंगावर येते. बाजारच्या रंगाच्या पुडीला काही होत नाही. संसारात ऐकलेलं कुठं कामाला येईल सांगता येत नाही.

त्यांनी आधी तोंडावरच्या स्वस्तिकावर दोन थेंब पिळले. रंग ओघळला, पण लालच राहिला. मग ते ड्रमखाली वाकले, बोल्टच्या भोकातला तांबडा गाळ काडीनं काढून पांढऱ्या रुमालावर ठेवला आणि त्यावर लिंबू पिळलं.

तांबडं पिवळं झालं.

किशनराव डोळे फाडून बघत होते. "ह्ये काय साहेब?"

"हे कॅम्पवरचं कुंकू नाही. घरी कांडलेलं आहे." उद्धवराव त्यांच्या शेजारी दगडावर बसले. "किशनराव, मघाशी तुम्ही काही सांगत होता. खांडेनवमीला पूजा झाल्यावर काय पाहिलंत?"

किशनरावांनी एकदा व्यंकटरावांकडं बघितलं. "पाहिलं असं न्हाई. नागेश मोटारसायकलीवर निघाला, टाकीवर पिशवी व्हती. जड दिसत व्हती. म्हणलं काय रे, तर हसला. म्हणला, पावना घरी न्यायलोय, उद्या आणून सोडतो. मला वाटलं कोंबडा असंल."

पाव्हणा! उद्धवरावांच्या डोळ्यांपुढं ती कोपऱ्यातली पहार आली, तिच्यावरचे पट्टे आले. ज्याच्यावर आपण खातो ते वर्षातून एकदा देवापुढं यायला पाहिजे. यंत्र काही घरात येत नाही. पण होल्डर येतो. एक बोल्ट सैल केला की झालं.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. जरासं कुंकू आत राहिलं म्हणून होल्डर एवढा सुटेल? नागेश अंगानं दांडगा होता. आवळला असेल तर चांगलाच आवळला असेल.

"शेजारचा एक होल्डर सोडा बरं," ते म्हणाले.

किशनरावांनी पाना लावला. बोल्टानं लवकर दाद दिली नाही. दोघांनी मिळून जोर केला तेव्हा कुठं कुरकुरत फिरला, आणि बाहेर येताना त्याच्या गळ्यात एक जाडसर पोलादी चकती निघाली. किशनरावांनी ती पुसून दाखवली. एकीवर एक बसवलेल्या दोन कड्या, मध्ये भोक, कडांना बारीक दाते. यंत्र कितीही थरथरलं तरी हे दाते बोल्टाला उलटं फिरू देत नाहीत.

"आणि जो सुटला त्याच्या बोल्टाला ही होती?"

किशनरावांनी मान हलवली. "रस्त्यावर बोल्ट सापडला तवा नुसताच व्हता. आमाला वाटलं, चकती कुठं उडाली."

उद्धवराव चकती तळहातावर घेऊन बसले. दोन टाक, एक बाळकृष्ण आणि त्यांच्या मध्ये एक भोकाचा पैसा. डोळ्यांनी बघितलं होतं आणि आजीची आठवण काढून पुढं गेले होते. त्यांना कोडं सुटलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुटायला नको होतं असं वाटलं.

६

सिद्धोधनला त्यांनी घराबाहेर, कडुलिंबाखाली बोलावलं. रोहिणी मागून आली. तिला कुणी थांबवलं नाही.

"मी सांगतो, तू फक्त ऐक," उद्धवराव म्हणाले. "तू नागपूरला असताना नागेशनं तुझ्या पान्यानं होल्डर काढला आणि आईकडं पूजेला नेला. दुसऱ्या दिवशी आणून बसवला. बोल्ट आवळला, पण त्याच्यातली चकती घातली नाही. बाहेरून ते कुणाला दिसणार नव्हतं. तू रोज हातोडी वाजवून दात बघतोस, तुलाही नाही दिसलं. दसऱ्यानंतर यंत्र रोज थरथरत राहिलं आणि बोल्ट रोज जरासा फिरत राहिला. तो होल्डर सुटला तेव्हा तू आधी कुठून सुटला ते बघायला खाली शिरलास. घरात तुला कुंकू दिसलं, बोल्टाला चकती दिसली नाही. आणि तुला सगळं कळलं. ते कुंकू कुणी कांडलेलं आहे हेही कळलं."

सिद्धोधन उकिडवा बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. मोठ्यानं, लाज न धरता.

"काकू पळत यायलत्या सर. घर जवळच हाय. त्या तिथं आल्या असत्या आन ते बगितलं असतं तर... आपलं कुंकू कुणी बी वळखतं. हातात फडकं व्हतं, पुसलं. इचार केला न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर काय सांगू? तुझ्या पूजेनं तुझा लेक गेला, असं सांगू? मला काकूनं जेवू घातलंय. माझी नोकरी जाईल, दुसरी भेटंल. जेलात टाकतील, सुटीन कदी तरी. पण त्या माऊलीला ह्ये कळलं तर ती कशी जगायची?" त्यानं नाक पुसलं. "आन चूक माझी बी हायच की. मी पान्यावरून भांडलो. पाना कशाला लागला ते धड इचारलंच न्हाई. नीट इचारलं असतं तर त्येनं सांगितलं असतं. तो काय खोटं बोलणारा नव्हता. माझा राग बघून भ्यायला."

"चकती कुठं आहे ठाऊक आहे तुला?"

"पडली असंल कुठंबी."

उद्धवरावांना सांगावंसं वाटत नव्हतं. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "गीताबाईंच्या देवाऱ्यात आहे. टाकांच्या मध्ये."

सिद्धोधनचं रडणं एकदम थांबलं.

"दिवाळीला," तो म्हणाला. "दिवाळीला मी फराळाला गेलो असतो तर..." रोहिणी खाली बसली आणि तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तो गेला असता, तर ती चकती त्यानं बघताक्षणी ओळखली असती. तसाच उठून कॅम्पवर पळाला असता. नागेश आज जिवंत असता. हे तिघांनाही कळलं होतं, म्हणून कुणीच वाक्य पुरं केलं नाही.

मग रोहिणीच बोलली. "तुमी काकूसाठी जेलात जाल. मग आपल्या लेकराला काय सांगू? पूजेला गेला न्हाई म्हणून बापानं माणूस मारला? ह्ये नाव एकट्या तुमाला न्हाई चिकटणार."

"ती खरं बोलते आहे," उद्धवराव म्हणाले. "अहवालात मी एवढंच लिहितो की बोल्टाची चकती बसवलेली नव्हती आणि होल्डर फिटरच्या गैरहजेरीत काढला गेला. कुणी, कशासाठी, ते विमा कंपनीला सांगायची गरज नाही. पण तक्रार गीताबाईंची आहे. ती त्यांनीच मागं घ्यायला हवी."

"मग त्येंना काय सांगायचं?"

उद्धवरावांनी स्कूटरची किल्ली चाचपली. "कंपनीच्या मालात खोट होती म्हणून सांगू. देव मला माफ करो."

७

गीताबाईंनी सिद्धोधनला दारात बघितलं आणि त्यांच्या तोंडाचा रंगच बदलला. बायकांत कुजबूज झाली. उद्धवराव घाईघाईनं पुढं झाले.

"गीताबाई, मी सगळं तपासलं. ह्याचा काही दोष नाही. होल्डरच तसा आला होता, कारखान्यातूनच. कुणाला कळण्यासारखं नव्हतं."

खोटं ते चांगलं बोलले. पुष्कळ वर्षं दुसऱ्यांचं ऐकून थोडं शिकलेच होते. गीताबाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्या बघत होत्या सिद्धोधनकडे. आणि सिद्धोधन, बिचारा, त्याला खोटं बोलता आलं असतं पण नजर आवरता आली नाही. उंबऱ्याच्या आत आल्यापासून तो देवाऱ्याकडे बघत होता.

गीताबाईंनीही तिकडं बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे. मग उठल्या, हळूहळू देवाऱ्यापाशी गेल्या, आणि टाकांच्या मधून ती चकती उचलली.

"ह्ये व्हतं का त्याच्यात?"

सिद्धोधननं मान खाली घातली.

"सिद्धोधन. मी इचारायले तुला. ह्ये लागत व्हतं का त्याच्यात?"

"काकू..."

"त्यो म्हणला व्हता, चकती हाय, बाकी काई न्हाई. मीच मागितली." त्या चकतीकडं बघत बोलत होत्या. "म्हणलं, ते मोठं धूड उद्या परत जायचं. तुज्या कामाचं काई तरी माज्या देवापाशी राहू दे बाबा, म्हणजे देवाचं ध्यान राहील तुज्यावर. दे म्हणलं ती चकती. त्यानं लगीच दिली. मी मागितलं आन त्यानं दिलं न्हाई, असं कदी झालंच न्हाई."

उद्धवरावांना वाटलं आता त्या कोसळतील. ते पुढं सरकले. पण गीताबाई कोसळल्या नाहीत. चकतीवरचं वाळलेलं कुंकू त्या पदरानं पुसायला लागल्या. घासून घासून पुसलं, दात्यांच्या फटींतलंसुद्धा नखानं काढलं, पोलाद चमकायला लागेपर्यंत.

"आन तुला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुला ठावं व्हतं आन तू मार खायला उभा राहिलास. मी तुला फाशी द्या म्हणलं रे. साऱ्या गावापुढं म्हणलं."

"म्हणा काकू. तुमी काईबी म्हणा."

त्यांनी त्याचा हात धरला, तळवा उघडला आणि चकती त्यावर ठेवली. मग त्याची बोटं आपल्या हातांनी मिटवली.

"जा," त्या म्हणाल्या. "आदी ही त्या घरात नीट बशीव. आता तिथनं दुसऱ्या कुणाचं लेकरू चालंल."

सिद्धोधन मूठ मिटून उभाच होता. बाहेर बायका रडायला लागल्या होत्या. गीताबाई मात्र चुलीकडं वळल्या, आठवड्याभरात पहिल्यांदा. राख बाजूला सारली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बशीवली की परत ये. जेवल्याबिगर जाऊ नको."